वाइंडिंगवाली

९ जानेवारी

आई,

हे पत्र शेजारच्या नर्सबाई तुमच्या हातात देतील. त्यांच्याच घरी बसून वाचा आणि त्यांच्याकडेच ठेवून या. डब्यात, कपाटात, उशीखाली, कुठेच लपवू नका. आपल्या घरात लपवायला जागा नाही, हे मी सहा वर्षं करून पाहिलंय.

मागच्या आठवड्यात मी कान दाखवायला दवाखान्यात गेले होते. तिथे जिन्यात नर्सबाई भेटल्या. मला बघून आधी दचकल्या, मग बाजूला घेऊन म्हणाल्या, तुझ्या सासूबाईंचं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय. न्हाणीघरात पाय घसरला म्हणे.

आई, आपल्या न्हाणीघरात दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. तिथे माणसाने पडायचं ठरवलं तरी मध्येच अडकून उभं राहील. मीही तिथेच पडायचे ना? डॉक्टरांना तुम्हीच सांगायचात, हिचं लक्षच नसतं म्हणून. आता तुमच्या वेळी सांगायला कोण होतं? तोच असणार.

'तो' लिहिलेलं तुम्हाला खटकेल. तुमच्यासमोर मी कायम 'हे' म्हणायचे. पण आता जीभ वळत नाही, हात तर त्याहून वळत नाही.

कोर्टात तुम्ही म्हणालात, माझ्या मुलाने कधी बोटही लावलं नाही. वकिलांना वाटलं मी रडेन किंवा ओरडेन. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही उत्तर देताना सारखी नाकावरची चष्म्याची जागा चोळत होतात, आणि चष्मा नाकावर नव्हताच. चष्मा कुठे गेला, हे कोर्टाने विचारलं नाही. मला विचारावंसं वाटलं. तेव्हाच कळलं होतं की माझी जागा घरात रिकामी राहिलेली नाही.

म्हणून लिहितेय. रागावून नाही.

मी बरी आहे. बायकांच्या केंद्रात राहते, आठ खाटांची खोली आहे. केंद्रात शिवण शिकवतात, केस कापायला शिकवतात, आणि गेल्या दिवाळीपासून मोटर वाइंडिंग. म्हणजे पंख्याची, पंपाची, मिक्सरची मोटर जळली की आतली तार काढून नवी भरायची. शिवणाला तीस बायका आणि वाइंडिंगला आम्ही दोघीच. त्यातली एक दुसऱ्या दिवशी म्हणाली, माझ्या बोटांना हे झेपायचं नाही, आणि केसांकडे गेली. उरले मी. शिकवणारे मास्तर म्हातारे आहेत, दोन्ही कानांनी कमी ऐकतात. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. आमचा वर्ग चालू असला की बाहेरच्यांना वाटतं भांडण जुंपलंय.

मला हे काम येतं, आई. सांगायला लाज वाटतेय, पण चांगलं येतं. तार साच्यावर गुंडाळायची, वेढे मोजायचे, खाचेत कागद बसवून तार आत सारायची, ताण सगळीकडे सारखा. चुकलं तर पुन्हा सोडवायचं. चुकल्यावर कोणी काही करत नाही, हे समजायलाच मला महिना लागला. पहिल्यांदा तार तुटली तेव्हा मी दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. मास्तर म्हणाले, "अहो, तुटली तर जोडू. डोकं कशाला धरता?"

मला कुठेतरी नोकरी लागली की खोली घेईन. दोन खाटा टाकेन. तुम्ही यायचं.

लगेच 'नाही' म्हणू नका.


२७ फेब्रुवारी

आई,

नर्सबाईंनी तुमचा निरोप सांगितला. "तिला म्हणावं, आधी स्वतःचं बघ." एवढंच बोललात, पण पत्र दोनदा वाचलंत असंही त्यांनी सांगितलं. मला पुरलं.

नोकरी लागली! बाजारात पंप दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे. मालक पन्नाशीचे आहेत, बोलताना पुटपुटतात, त्यामुळे बरा कान त्यांच्याकडे वळवून उभी राहते. त्यांना वाटतं मी फार अदबीची आहे. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाईमाणूस हे करेल असं वाटत नाही, पण मास्तर म्हणतात म्हणून." आठवड्याने गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायला लागले, "आमच्याकडे वाइंडिंगवाली आहे. हिने भरलेली मोटर परत येत नाही." बाजारात आता मला सगळे वाइंडिंगवालीच म्हणतात. समोरचा चहावालासुद्धा. नाव कोणी विचारत नाही, मीही सांगत नाही. छान चाललंय.

दुकान लांबट आणि अंधारं आहे. पुढे काउंटर, मागे माझं टेबल, त्यावर दिवा. तारेच्या कॉइलवर ओततात त्या वार्निशचा वास कपड्यांतून जात नाही. तुम्हाला आवडणार नाही तो वास. मला आवडतो. त्या वासात दुसरा कसलाच वास येत नाही, दारूचाही नाही.

बँकेत माझ्या नावाचं खातं आहे. सही फक्त माझी. मॅनेजरने विचारलं, जोडीला कोणाचं नाव घालायचं? मी इतक्या जोरात 'नको' म्हटलं की रांगेतले लोक वळून बघायला लागले.

गेल्या रविवारी केंद्रात समारंभ झाला. ज्यांना कामं लागली त्यांना प्रमाणपत्रं दिली. मदत देणारे पाहुणे आले होते. केंद्र चालवणाऱ्या मॅडम भाषणात म्हणाल्या, ही बाई आमच्या केंद्राचा अभिमान आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मधेच वाटलं, तुम्ही मागे कुठेतरी बसला असाल. उगाच बघितलंही.

दुसऱ्या दिवशी मॅडम फोटोवाल्याला घेऊन दुकानात आल्या. मी म्हटलं, माझा फोटो नको. त्या म्हणाल्या, "अगं, चेहरा नाही दाखवणार, नुसते काम करणारे हात. फोटो बघून पाहुणे पैसे देतात, त्यातून दहा जणी शिकतील. तू शिकलीस तेही तसल्याच पैशांतून ना?" मी हात पुढे केले.

तुमचं प्लास्टर निघालं का? बोटं हलवत राहा. गरम पाण्यात बुडवून मूठ उघडा-मिटा.


३० एप्रिल

आई,

आधी मला वाटलं तुम्हीच त्याला दुकान सांगितलंत. खोटं कशाला बोलू, दोन दिवस तसंच वाटत होतं. तुम्हाला मनात नाही नाही ते बोलले. मग त्याने स्वतःच खिशातून केंद्राचं छापील पत्रक काढून दाखवलं.

फोटोत चेहरा नव्हता, मॅडमनी शब्द पाळला. नुसते हात होते. आणि मागे दुकानाची पाटी, फोन नंबरासकट. उजव्या हातावरचा इस्त्रीचा डाग अगदी स्वच्छ आलाय. तो डाग त्याच्याइतका कोण ओळखणार?

मी टेबलाशी होते. काउंटरवर आवाज ऐकला आणि हातातली कॉइल सुटली. तो ओरडला नाही, आई. तुम्हाला त्याचा तो आवाज माहीत आहे, पाहुणे आले की काढतो तो. मालकांना नमस्कार केला, म्हणाला, "तुमचे उपकार आहेत. माझ्या बायकोला तुम्ही आधार दिलात. मी सगळीकडे शोधतोय." डोळ्यांत पाणीही आणलं. म्हणाला, हिच्या डोक्यावर थोडा परिणाम झालाय, मूल राहिलं नाही तेव्हापासून. औषध घेत नाही. घर सोडून निघून येते.

मालक माझ्याकडे बघायला लागले. कसं बघतात ते सांगता येणार नाही. आदल्या दिवशीपर्यंत मी त्यांना शहाणी वाटत होते.

मी सांगितलं, हा मला मारायचा, कोर्टात केस आहे. त्याने नुसती मान हलवली आणि मालकांकडे बघून हळूच म्हणाला, "बघितलंत ना?"

आता रोज येतो. आत येत नाही, समोरच्या चहाच्या दुकानात बसतो. मालकांना चहा पाठवतो, कधीकधी मलाही. मी तो ओतून देते. चहावाला म्हणतो, "वाइंडिंगवाली, एवढा जीव लावणारा नवरा कुणाला मिळतो? आणि तू चहा मोरीत घालतेस!"

चौकीत गेले होते. फौजदाराने विचारलं, "मारलं का?"

"नाही."

"शिवी दिली?"

"नाही."

"धमकी?"

"रोज येऊन बसतो."

"बसायला बंदी आहे का बाई? चहा पितो ना?"

बाकीचे हसले. मलाही क्षणभर हसू आलं. तुम्हीच सांगा, तक्रारीत काय लिहायचं? नवरा चहा पितो?


२२ मे

आई,

दुकान सोडलं.

पगाराच्या दिवशी मालकांकडे गेले तर ते कागद चाळायला लागले. वर बघेनात. मग पुटपुटले. मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. तेव्हा मोठ्याने म्हणाले, "तुझ्या नवऱ्याकडे दिले. तो म्हणाला तुझ्या औषधासाठी लागणार आहेत. घरचंच माणूस आहे ना?"

मी म्हटलं, काम मी केलं होतं.

"हो गं, काम तूच केलंस, कोण नाही म्हणतंय? पण नवराबायकोच्या भांडणात मी पडत नाही. तुमचं तुम्ही बघून घ्या."

मालक वाईट माणूस नाही, आई. त्याची बहीण नवऱ्याने टाकलीय, तिला तोच पोसतो. मला काढायचंही त्याच्या मनात नव्हतं. उद्यापासूनही ये म्हणाला. मला कळेना, यायचं कशाला? त्या टेबलाशी बसून वेढे मोजायचे आणि महिन्याच्या शेवटी पैसे नवऱ्याच्या खिशात जायचे. मग घरातच काय वाईट होतं? तिथे निदान दोन वेळचं जेवण तरी व्हायचं.

मॅडमना सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. पण म्हणाल्या, "तुझं नाव आम्ही या वर्षीच्या अहवालात पाठवलंय गं. स्वतःच्या पायावर उभी राहिलेली म्हणून. आता पुन्हा तुला खाट देता येणार नाही. तुझ्या जागी दुसरी आलीय." दुसरी म्हणजे माझ्याच खाटेवर. दारातून बघितली. अठरा-एकोणीसची असेल. हात गळ्यात बांधलेला.

तिला तरी खाट हवीच ना?

मास्तरांच्या पडवीत झोपते सध्या. त्यांची बायको चांगली आहे. काही विचारत नाही, पण जेवताना माझ्या ताटाकडे बघते आणि न विचारता वाढते.


२० ऑगस्ट

आई,

खोली घेतली.

दुसऱ्या टोकाला, तिसरा मजला. खिडकीतून लाकडाची वखार दिसते. दिवसभर करवत चालते, घरमालकीण म्हणाली सवय होईल. मी म्हटलं, माझा एक कान त्यासाठीच ठेवलाय. ती पोट धरून हसली. जाड आहे, विधवा आहे, वखारीतल्या लोकांना डबे देते. भाडं वेळेवर द्यायचं आणि जिन्यात चपला काढायच्या, बाकी तिची काही अट नाही.

मास्तर घरी काम देतात. त्यांच्या ओळखीचे दुकानदार जळलेल्या मोटरी त्यांच्याकडे पाठवतात, ते माझ्याकडे. मी कॉइल भरून परत देते. दुकानात कोणाला माहीत नाही ती कोणी भरली. पैसे आधीपेक्षा कमी, पण हातात येतात. मास्तरांनी त्यांचा जुना साचा आणि हत्यारं दिलीत, वापर म्हणाले, मी मेल्यावर माझ्या जावयाने भंगारात घालण्यापेक्षा बरं.

आणि दोन खाटा आहेत, आई. दुसरी घरमालकिणीच्या माळ्यावरून काढली, एक पाय आखूड होता, त्याला लाकडाचा तुकडा ठोकला. आता हलत नाही.

नर्सबाई म्हणाल्या, तुमच्या कानामागे टाके पडलेत. कपाटाचं दार लागलं म्हणे. आता तो न्हाणीघर सोडून कपाटावर आलाय.

मी ठरवलंय ते नीट वाचा. टाके काढायला नर्सबाई तुम्हाला दवाखान्यात बोलावणार आहेत. तो दवाखान्यात थांबत नाही, त्याला तिथला वास सहन होत नाही, बाहेर सोडून कामाला जाईल. मागच्या दाराने बाहेर या. मी रिक्षात असेन. बरोबर काही आणू नका. चष्माही नसला तरी चालेल, इथे करू. फक्त या.


२ सप्टेंबर

आई,

जे तुम्हाला माहीत आहे तेच पुन्हा लिहितेय. मला ते एकदा क्रमाने लावून बघायचंय.

तुम्ही आलात. मला वाटलं नव्हतं. मागच्या दारातून तुम्ही बाहेर आलात तेव्हा मी तुम्हाला ओळखलंच नाही, एखादी म्हातारी वाट चुकलीय असं वाटलं. रिक्षात बसल्यावर तुम्ही माझा हात धरला आणि खोलीपर्यंत सोडला नाही. उतरताना रिक्षावाला म्हणाला, "मायलेकी का?" तुम्ही म्हणालात, "हो." आई, तुम्ही 'हो' म्हणालात.

पहिला पूर्ण दिवस तुम्ही झोपलात. करवत चालू होती तरी. जेवायला उठवलं तर ताट हातात घेऊन दाराकडे तोंड करून बसलात. मी म्हटलं, इथे कोणी येत नाही, भिंतीला टेकून बसा. टेकलात, पण पाठ टेकवायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. "मला दे काहीतरी." मी खाचेत घालायचा कागद कापायला दिला. तुमचं मनगट नीट वळत नाही, तरी पट्ट्या किती सारख्या कापल्यात! मी म्हटलं, उद्यापासून तुम्हालाही पगार. तुम्ही हसलात. सहा वर्षांत मी तुमचे वरचे दात कधी पाहिले नव्हते. मग कापता कापता सासऱ्यांचं सांगितलंत. ते पट्टा वापरायचे, आणि लेक तेव्हा पलंगाखाली जाऊन कानांत बोटं घालायचा. "फार घाबरायचा गं. मीच त्याला बाहेर काढायचे, म्हणायचे काही नाही झालं, काही नाही झालं." आणि मग म्हणालात, "अजूनही तो तोच आहे मला."

तिथेच मला कळायला हवं होतं. मी कॉइल भरत होते, वेढे मोजत होते, आणि मनातून आनंदात होते. माणूस आनंदात असला की ऐकत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून तुमचं सुरू झालं. त्याने काल काय खाल्लं असेल. त्याच्या पित्ताच्या गोळ्या कुठे ठेवल्यात ते त्याला माहीत नाही. गॅसचा नळ बंद करायला तो विसरतो. मी म्हटलं, चाळीस वर्षांचा आहे तो. तुम्ही म्हणालात, "तुला मूल असतं तर कळलं असतं."

तुम्ही लगेच माझ्या केसांवरून हात फिरवलात. मी तो बोल तुमच्या खात्यात धरलेला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही म्हणालात, घरमालकिणीला भाजी निवडू लागते, खाली जाऊन येते. मला बरं वाटलं, म्हटलं रमतायत. घरमालकिणीने नंतर सांगितलं. तुम्ही तिचा फोन मागितलात, "लेकाला खुशाली कळवते, नाहीतर काळजी करेल." तिला काय माहीत? तिने स्वतःच्या हाताने नंबर लावून दिला. आणि पत्ताही तिनेच नीट समजावून सांगितला, वखारीसमोरचा जिना, तिसरा मजला. तुम्हाला सांगता येत नव्हता म्हणून.

संध्याकाळी तो आला. जिन्यात चपला काढल्या.

दार तुम्ही उघडलंत. मी टेबलाशी होते, हातात कात्री होती. त्याने कात्रीकडे बघितलं, मग खोलीकडे, खाटांकडे, मोटरींकडे. म्हणाला, "छान जमवलंयस." अगदी मनापासून म्हटल्यासारखं. तुमची पिशवी उचलली. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल आई. जेवलीस का?" तुम्ही त्याच्या तोंडाकडे असं बघितलंत, जणू शाळा सुटल्यावर तोच तुम्हाला घ्यायला आलाय.

आणि मग माझ्याकडे वळून म्हणालात, "तूही चल ना. तो आता पहिल्यासारखा नाही. तू नसल्याने फार एकटा पडलाय."

कानामागचे टाके काढलेली जागा अजून लाल होती, आई. बोलताना ती मला दिसत होती.

मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, "राहू दे आई. घाई नाही. आता घर माहीत आहे."

तुम्ही जिना उतरताना एकदा मागे बघितलंत. काहीतरी बोललात, पण माझ्या डाव्या बाजूने बोललात.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेले तर त्यांना त्यांच्या दुकानदारांकडून आधीच कळलं होतं. एक माणूस बाजारात विचारत फिरतोय, वाइंडिंग करणारी बाई कोणाचं काम घेते? प्रेमाने विचारतोय, चहा पाजतोय. आणि सगळे मास्तरांचं नाव सांगतायत. का नाही सांगणार? शिवणारी बाई म्हटलं तर गल्लीत दहा सापडतील. वाइंडिंग करणारी या सगळ्या बाजारात एकच आहे. जिथे जाईन तिथे पुन्हा मी एकच असेन.

मास्तर म्हणाले, "तू इथेच राहा, बघू काय करतो तो!" म्हातारा माणूस, छाती पुढे काढून म्हणाला. त्यांची बायको मागे उभी होती. तिने दाराची कडी दोनदा चाचपली. मी त्यांची हत्यारं पुसून परत ठेवली. साचाही.

मी उद्या जातेय. कुठे ते लिहीत नाही. नर्सबाईंनाही सांगितलेलं नाही. तुम्ही त्यांना विचाराल, त्या चांगल्या आहेत, आणि चांगल्या माणसाला खोटं बोलता येत नाही.

खाट घरमालकिणीला परत दिली. ती रडत होती, सारखी म्हणत होती, मी कशाला तो फोन लावून दिला. मी तिची समजूत काढत बसले.


१८ डिसेंबर

आई,

हे पत्र एका ट्रकवाल्याबरोबर दिलंय, तो त्याला वाटेल तिथे टपालात टाकेल. शिक्का बघून काही कळणार नाही.

त्याला दाखवलंत तरी चालेल. मी एका खाणावळीच्या भटारखान्यात भांडी घासते. खाणावळी सगळीकडे आहेत आणि प्रत्येकीत मागे मोरीवर दोन बायका बसलेल्या असतात. त्याने एकेक बघत जायचं म्हटलं तर बघू दे.

इथे मला कोणी काही म्हणत नाही. 'ए बाई' म्हणतात, शेजारच्या मोरीवर बसते तिलाही तेच म्हणतात. पगार हातात मिळतो. थोडा आहे, पण त्यातून खाणं वजा केलेलं असतं, त्यामुळे हिशोब सोपा. खात्यातले पैसे काढले नाहीत. बँकेत गेलं की कागदावर पत्ता द्यावा लागतो. पडून राहू देत. बोटं पाण्याने फुगलीत, आता त्यांच्यात बारीक तार धरवेल असं वाटत नाही. एकदा रात्रीच्या उरलेल्या भाताच्या पातेल्यावर हात ठेवून मनातल्या मनात वेढे मोजत होते, तर मध्येच आकडा विसरले.

तुमची आठवण येते. हे लिहू नये असं वाटत होतं, पण येते. तुम्ही वाईट नाही. तुम्ही त्याला पलंगाखालून काढत बसलात आणि अजून काढताय. मलाही एक काळ वाटायचं, मी त्याला काढेन.

नर्सबाईंना एकदा सार्वजनिक फोनवरून फोन केला होता. तुमचं विचारलं. त्या म्हणाल्या, आता फार बाहेर येत नाहीत. खिडकी बंद असते. मी विचारलं, काही लागलं-बिगलं का? त्या म्हणाल्या, "तू कशी आहेस?" मी म्हटलं, बरी आहे. तेवढ्यात पैसे संपून फोन बंद झाला.

परवा भटारखान्यातला धूर ओढणारा पंखा बंद पडला. डोळ्यांची आग व्हायला लागली, आचारी शिव्या घालत होता. दुकानातून माणूस बोलावला. त्याने पंखा खाली उतरवला, झाकण काढलं, नुसतं बघितलं आणि म्हणाला, "कॉइल गेली. नवीनच घ्या." मालकाने कपाळावर हात मारला.

कॉइल गेली नव्हती, आई. मी बसले होते तिथून दिसत होतं. एक जोड सुटला होता, तार नुसती लोंबत होती. खरवडून पीळ दिला असता आणि वर कापडाची पट्टी गुंडाळली असती तर फिरला असता. माझ्या तोंडाशी आलं. मी कढईत हात घातला आणि तळाला चिकटलेलं घासत राहिले.

"ए बाई, जरा सरक," आचारी म्हणाला. "हे धूड बाहेर टाकायचंय."

मी सरकले.